चमी

आजोळच्या घरात दुपारी बोलायला बंदी होती. जेवणं आटोपली की आजी माजघरात हाताची उशी करून आडवी व्हायची, आणि ती उठेपर्यंत पोरांनी आवाज करायचा नाही असा नेम होता. मी आणि माझी मावसबहीण पडवीत बसायचो. न बोलता राहवायचं नाही, आणि बोलायचं असायचं ते बहुधा कैरीबद्दल. आजीच्या कानावर जाऊन चालणार नाही असंच. म्हणून आम्ही च-ची भाषा बोलायचो.

ती भाषा ज्यांच्या लहानपणी नव्हती त्यांच्यासाठी सांगते. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि रिकाम्या जागी 'च' बसवायचा. कैरी म्हणजे चरीकै. मीठ म्हणजे चठमी. तिखट म्हणजे चखटति. चार दिवस जीभ अडखळते, मग इतकी सुटते की मोठ्या माणसांना नुसता चिवचिवाट ऐकू येतो.

एका दुपारी मी बहिणीला कुजबुजत म्हटलं, "चमी चणतेआ चठमी." मी आणते मीठ. उठून उंबऱ्यात पाय ठेवते तोच आतून आवाज आला, "फडताळातली वरची बरणी घे. खालच्या बरणीत खडेमीठ आहे, ते कैरीला धरत नाही."

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. संध्याकाळी वाती वळता वळता आजीनं सांगितलं तिला कसं कळलं ते. "तुमचं सगळं उलटंपालटं असतं, पण 'मी' तेवढा लख्ख ऐकू येतो. चमी, चमी. म्हटलं, एका अक्षराच्या शब्दाला ह्या नुसता च लावतात. तेवढं धरलं की पुढचं उलगडत जातं." खरंच होतं. मी, तू, ये, जा, हो या शब्दांत फिरवायला दुसरं अक्षरच नसतं. आम्ही सगळी मराठी झाकून टाकली होती आणि नेमका 'मी' उघडा राहिला होता.

त्या दुपारनंतर कितीतरी वर्षांनी मला माणसांनी मुद्दाम बनवलेल्या भाषांचा नाद लागला. कुणी जगात शांतता नांदावी म्हणून बनवलेल्या, कुणी गोष्टीतल्या माणसांना बोलता यावं म्हणून, कुणी विचार स्वच्छ व्हावा म्हणून. प्रत्येक नव्या भाषेत मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते, की 'मी'ला इथे काय म्हणतात. आणि त्याच्या उलटंही, की या भाषेत 'मी' असा उच्चार केला तर त्याचा अर्थ काय होतो. या दुसऱ्या प्रश्नानं मला फार फिरवून आणलं.

एस्पेरांतोचं पहिलं पान उघडलं तेव्हा मला शिकायला काही उरलंच नव्हतं. तिथे मी म्हणजे मी. वी म्हणजे तू किंवा तुम्ही, नी म्हणजे आम्ही, पण मी म्हणजे मीच. 'मी आमास विन', माझं तुझ्यावर प्रेम आहे. पुढे 'न' लावला की मिन, म्हणजे मला. 'आ' लावला की मिआ, म्हणजे माझा. मराठी माणूस एस्पेरांतोच्या पहिल्या धड्यात पहिला शब्द घरूनच घेऊन येतो. भूदानाच्या पदयात्रेत विनोबांनी तिबोर सेकेल्य या युगोस्लाव प्रवाशाकडून ही भाषा शिकून घेतली होती. गागोद्याचा तो माणूस चालता चालता या पहिल्या शब्दाशी क्षणभर थबकला असेल, असं मला नेहमी वाटतं.

मला आधी हा निव्वळ योगायोग वाटला होता. पण मग आपल्या 'मी'चा माग काढत मागे गेले. संस्कृतात कर्ता असेल तर अहम्, आणि बाकी सगळीकडे म: मया, मम, मे, मयि. एका माणसाला दोन घरं असावीत तसं. कोकणीतला 'हांव', गुजरातीतला 'हुं' हे अहम्‌च्या घरातले. मराठीनं म-च्या घरात बिऱ्हाड केलं. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात अहं आणि हं यांच्या जोडीला 'म्मि', 'अम्मि' अशीही रूपं दिली आहेत. जुन्या मराठीत 'मी'शेजारी 'म्यां' नांदत होता, तो सरळ मया-वरून आलेला. 'म्यां पाहिले' म्हणजे माझ्याकडून पाहिलं गेलं. त्याची खूण अजून आपल्या तोंडात आहे: रामानं आंबा खाल्ला, सीतेनं आंबा खाल्ला, पण मी आंबा खाल्ला. तिथे 'मी'ला 'नं' लागत नाही. शाळेत बाई याला अपवाद म्हणायच्या आणि पुढे जायच्या. मला मात्र तो अपवाद माजघरातल्या जुन्या खुंटीसारखा वाटतो. आज तिच्यावर काही टांगलेलं नाही, पण कधीतरी होतं.

युरोपातल्या भाषांतही हीच दोन घरं आहेत. लॅटिनमध्ये मी म्हणजे एगो, पण मला म्हणजे मे. इंग्रजीत आय, पण मी-टू मधला मी. एस्पेरांतोच्या निर्मात्यानं या दुसऱ्या घरातला म उचलला. म्हणजे मराठी मी आणि एस्पेरांतो मी यांची ओळख अगदीच रस्त्यावरची नाही. फार दूरच्या पिढीत त्यांचं अंगण एक होतं.

या निर्मात्याविषयी मला थोडं थांबून सांगायचं आहे. लुडविक झामेनहोफ १८५९ साली ब्यालिस्टॉकला जन्मला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. तिथे रशियन, पोल, जर्मन आणि ज्यू राहत, चौघांच्या भाषा वेगळ्या आणि मनंही दुरावलेली. पुढे एका पत्रात त्यानं लिहिलं की घरी त्याला सगळी माणसं भाऊ भाऊ असं शिकवलं होतं, पण रस्त्यावर आलं की माणूस दिसतच नसे, दिसत ते फक्त रशियन, पोल, जर्मन, ज्यू. शाळेत असतानाच त्यानं भाषा घडवायला घेतली. १८७८च्या डिसेंबरात, एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या घरी चार-दोन वर्गमित्र जमले आणि त्यांनी त्या नव्या भाषेत गाणं म्हणून तिचा जन्म साजरा केला. मग शाळा सुटली. मित्रांनी बाहेर तोंड उघडून पाहिलं, मोठ्यांनी टर उडवली, आणि एकेकानं भाषा टाकून दिली. त्या पत्रातलं त्याचं वाक्य साधं आहे: मी अगदी एकटा राहिलो.

मला हे वाक्य सोडवत नाही. झाड, दगड, पाणी यांना एकट्यानं नवं नाव देता येतं. झाडाकडे बोट दाखवलं, नाव ठेवलं, वहीत लिहिलं. पण 'मी' एकट्याला बनवता येत नाही. तो ज्याच्या तोंडात जाईल त्याचा होतो. मी म्हणते तेव्हा मी, तुम्ही म्हणता तेव्हा तुम्ही. मित्र निघून गेल्यावर झामेनहोफच्या वहीत सगळे शब्द जसेच्या तसे होते, पण त्यातला 'मी' फिरायचा थांबला होता. पुढे विद्यापीठातली पाच-साडेपाच वर्षं तो याविषयी कुणाजवळ बोललाच नाही.

तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. १८८७ साली वॉर्सात, होणाऱ्या सासऱ्यांच्या पैशाच्या बळावर, त्यानं चाळीसेक पानांची पुस्तिका रशियनमधून काढली. नाव घातलं डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा धरून असलेला. त्यात कापून पाठवायची कुपनं छापली होती. त्यावरचा मजकूर सुरू होतो तो 'मी'नं: मी, सुब्स्क्रिबिता, प्रोमेसास... मी, खाली सही करणारा, वचन देतो की एक कोटी माणसांनी असंच वचन जाहीर दिल्याचं दिसून आलं, तर मी ही भाषा शिकेन.

एक कोटी. आशा धरणाऱ्यालाच सुचावा असा आकडा. एक कोटी कुपनं काही आली नाहीत. पण दोन वर्षांत त्यानं हजार माणसांच्या नावापत्त्यांची यादी छापली. हजार वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला मी. दहा वर्षं त्याच्या एकट्याच्या तोंडात अडकून पडलेला शब्द आता फिरायला लागला होता. १९०५ साली फ्रान्समध्ये बुलोन्य-सुर-मेर इथे पहिलं संमेलन भरलं तेव्हा वेगवेगळ्या देशांतली शेकडो माणसं एकमेकांशी ही भाषा बोलत होती.

एस्पेरांतोच्या 'मी'त एक खोट आहे, ती मला अनुभवानं कळली. हंगेरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेशी मी महिन्यातून एकदा एस्पेरांतोत बोलते. एकदा नेटची गती अगदी मंद होती, चित्र थांबत थांबत येत होतं. ती म्हणाली, 'मी मांजास', मी जेवतेय. मला वाईट वाटलं. आमच्याकडे रात्री एकट्यानं ताटावर बसणं म्हणजे काहीतरी उणं असल्यासारखं. मी विचारलं, एकटीच? ती हसली आणि तिनं लॅपटॉप वळवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे यजमान, गळ्याशी रुमाल, हातात सूपचा चमचा, मला मान लववत होते. ती 'नी मांजास' म्हणाली होती. आम्ही जेवतोय. म आणि न मध्ये एक अख्खा नवरा हरवला होता.

१९०७ साली एस्पेरांतो सुधारायची म्हणून काही जणांनी इदो नावाची भाषा काढली, तेव्हा त्यांनी मी-चा 'मे' केला. माझ्यासारखा घोटाळा त्यात होणार नाही. पण 'मी' हा उच्चार त्यांनी वाया जाऊ दिला नाही. इदोमध्ये शब्दाआधी मी लागला की अर्थ होतो अर्धा. फ्रेंचमधून आलेला. ज्या जागी पूर्ण माणूस होता तिथे अर्धा येऊन बसला. १९५१च्या इंटरलिंग्वात मी म्हणजे माझा. तिथे 'मी'साठी 'इओ' आहे.

इतर ठिकाणी मी आणखी लांब जातो. लेखक टोल्किननं आपल्या गोष्टींतल्या एल्फ लोकांसाठी जी क्वेन्या भाषा रचली तिच्यात मी म्हणजे आत. अवतार या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमरनं केलेल्या नावी भाषेतही, किंचित ऱ्हस्व इकारानं, तोच अर्थ: आत, वर. दोन माणसं, दोन काळ, दोन कल्पित जगं, आणि मी म्हटलं की दोन्हीकडे आत. 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांसाठी मार्क ओक्रँडनं केलेल्या क्लिंगॉनमध्ये 'मि' म्हणून घसा झटक्यात बंद केला की नाम असेल तर संख्या आणि क्रियापद असेल तर नाचणं. त्याच भाषेत 'मी'साठी जो शब्द आहे, 'जिख', त्याचा दुसरा अर्थ बघायचा पडदा, मॉनिटर.

यापेक्षा मी जास्त रमले ते सोलरेसोलमध्ये. फ्रान्स्वा स्यूद्र या फ्रेंच संगीतकारानं एकोणिसाव्या शतकात फक्त सात सुरांतून भाषा उभी केली: दो, रे, मी, फा, सोल, ला, सी. म्हणाल तर बोला, म्हणाल तर गा, म्हणाल तर व्हायोलिनवर वाजवा. १८६२ साली तो गेला, आणि त्याचा कोश १८६६मध्ये छापून आला. त्यात दो म्हणजे नाही, सी म्हणजे हो, आणि मी म्हणजे किंवा. 'मी'साठी तिथे दोन सूर लागतात, दोरे. दो-चा आपला सा धरला तर मी म्हणजे गंधार. मी पेटीवर तो गंधार दाबून धरला आणि मनात म्हटलं: चहा, गंधार, कॉफी.

पण त्या सुराला 'मी' हे नाव कुठून मिळालं? अकराव्या शतकात ग्विदो नावाचा इटालियन मठवासी मुलांना गाणं शिकवत असे. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होते हे हेरून त्यानं त्या त्या ओळीचं पहिलं अक्षर सुराला दिलं. तिसरी सुरुवात होती 'मीरा गेस्तोरुम' या शब्दांची, अद्भुत कृत्यं. मीरा म्हणजे नवल. म्हणजे सोलरेसोलमधल्या 'किंवा'च्या पोटात एक नवल दडलेलं आहे. आपली सारेगम याच रीतीनं षड्ज, ऋषभ, गंधार यांच्या आद्याक्षरांची आहे, म्हणून मला ही व्युत्पत्ती परकी वाटली नाही.

आता लोजबान. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली लोगलान ही तर्कशुद्ध भाषा सुरू केली, भाषा बदलली तर विचार बदलतो का हे पाहण्यासाठी. तिच्यातूनच १९८७ साली लोजबान वेगळी झाली. तिचे मूळ शब्द चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी यांतल्या उच्चारांचा मेळ घालून बनवले आहेत. इथेही मी म्हणजे मी, आणि दो म्हणजे तू. 'मी प्रामी दो', माझं तुझ्यावर प्रेम आहे. (सोलरेसोलमध्ये नाही म्हणणारा दो इथे तू होऊन बसला आहे.) या भाषेला मोघमपणा खपत नाही. म्हणून तिनं 'मी'ला जोड देऊन तीन शब्द केले: मिहो म्हणजे मी आणि तू, मिहा म्हणजे मी आणि इतर पण तू नाही, माहा म्हणजे मी, तू आणि इतर सगळे.

इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं. मी वाचलं आणि आजीचं अंगण डोळ्यांपुढे आलं. "आम्ही निघतो" आणि "आपण निघू या" यांतला फरक आपल्याकडे चार वर्षांच्या पोरालाही कळतो. पाहुणे "आम्ही निघतो" म्हणाले की ते जाणार आणि आपण राहणार. "आपण निघू या" म्हटलं की चपला शोधायच्या. लग्नाच्या बोलणीत कुणी 'आमच्याकडे' ऐवजी 'आपल्याकडे' म्हणतं तेव्हा सगळ्या घराचा जीव भांड्यात पडतो. तर्कशास्त्र्यांनी कष्टानं जे साधलं ते आपण रोज न कळत वापरतो, याचा मला मनापासून अभिमान वाटला. आणि एक कमीही जाणवलं: फक्त मी आणि तू, तिसरं कुणी नाही, असा 'मिहो' आपल्याजवळ नाही. दोघांचं 'आपण' आणि साऱ्या गावाचं 'आपण' एकच.

तोकी पोनाचा मी यांतल्या बहुतेकांहून धाकटा. कॅनडातल्या सोन्या लँग यांनी ही भाषा २००१ साली मांडली. सगळी भाषा मिळून सव्वाशेच्या आसपास शब्द. मी हा शब्द त्यांनी एस्पेरांतोतून घेतला, म्हणजे झामेनहोफच्या कुपनावरचाच. पण इथे येताना त्यानं अंगावरचं सगळं उतरवून ठेवलं. मी, मला, माझं, आम्ही, आपण: सगळं फक्त मी. 'यान' म्हणजे माणूस, 'पोना' म्हणजे चांगलं. 'यान पोना मी', माझा चांगला माणूस, म्हणजे माझा मित्र. मित्रासाठी वेगळा शब्दच ठेवलेला नाही, तिथवर असं चालत जावं लागतं.

आणि 'मी मोकू'. मोकू म्हणजे खाणं आणि अन्नही. त्यामुळे 'मी मोकू' म्हणजे मी खातो, आणि 'मी मोकू' म्हणजेच मी अन्न आहे. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात, कुठला घ्यायचा ते समोरच्यावर. शिकणाऱ्यांना हे उदाहरण गमतीनं दाखवतात. मला गंमत वाटली नाही, अंगावर काटा आला. तैत्तिरीय उपनिषदाच्या शेवटी साक्षात्कार झालेला माणूस गातो: अहमन्नम् अहमन्नम् अहमन्नम्, आणि लगेच, अहमन्नादः. मी अन्न आहे, मी अन्न खाणारा आहे. ऋषीला त्यासाठी दोन वाक्यं लागली. तोकी पोनात तीच दोन्ही वाक्यं एका तोंडून एकदम निघतात, आणि बोलणाऱ्याला तर बहुधा एवढंच सांगायचं असतं की मला भूक लागली होती, मी जेवतोय.

गेल्या वर्षी मे महिन्यात आजोळी गेले. मावसबहीण तिच्या संसारात लांब, मामा शेतावर, घरी आजी एकटी. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तरी संध्याकाळ झाली की ती दार लावून घेते. गाडी उशिरा पोचली. प्रवासात धुळीनं माझा घसा पार बसला होता. मी कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

दारात उभं राहून आपण सगळेच असं म्हणतो. या उत्तरात खरं तर काहीच माहिती नसते. जो येईल तो मीच असतो. सगळी ओळख आवाजात, आणि माझा आवाज त्या दिवशी माझा नव्हता. आतून पावलं आली आणि दाराशी थांबली.

"मी कोण?"

मी नाव सांगणार होते. पण तोंडातून भलतंच निघालं.

"चमी."

आत क्षणभर काही आवाज नाही. मग कडी निघाली, आणि दार उघडता उघडता आजी म्हणाली,

"चये."